मुंजाजीकाका आणि वाचणारी बाई

मुंजाजीकाकांना मनात वाचता येत नाही. डोळ्यासमोर अक्षर आलं की ते तोंडातून बाहेर पडलंच पाहिजे, असा त्यांचा पिंड आहे. रिक्षात बसले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत जातात. ‘माउली मशिनरी, मोटार, पाइप व तुषार संच मिळतील. येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल. गरम जिलेबी.’ रिक्षावाला आधी दोनदा मागं वळून बघतो, मग म्हातारा फोनवर बोलत असेल असं समजून गप्प बसतो.

चौकात एखाद्या होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर लागलं, तर काका त्याच्याखाली उभे राहून सगळे शुभेच्छुक वाचतात. पप्पूभाऊ, बंटीभाऊ, छोटा बंटीभाऊ, मित्रमंडळ आणि समस्त गावकरी. एकदा ते पेडगावला मेव्हण्याच्या घरी गेले होते. तिथं जेवताना त्यांनी पाण्याच्या बाटलीवरचा सगळा मजकूर वाचला, ‘वापरानंतर बाटली चुरगाळून टाका’ इथपर्यंत. मग बाटली चुरगाळली. पाणी होतं तिच्यात.

दवाखान्यात तर त्यांनी ‘शांतता राखा’ ही पाटीच इतक्या जोरात वाचली की आतून नर्स धावत आली.

काका आमच्या शेजारी राहतात. भिंतीला भिंत आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि उभी नोकरी बसस्थानकाच्या खिडकीत माइकसमोर गेली. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सेलू, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं. माइक बंद पडला तरी काम अडायचं नाही, कारण काकांचा आवाज तसाच स्थानकाबाहेरच्या उसाच्या रसवंतीपर्यंत जायचा. निवृत्तीनंतर माइक गेला, पण बोलण्याची चाल राहिली. बोलणं आमच्यासारखंच, परभणीचं. पण काही जाहीर करायचं असलं की एकदम स्थानकावरची मराठी सुरू. नळाला पाणी आलं की गल्लीत आवाज घुमतो, “प्रवाशांनी नोंद घ्यावी, नळाला पाणी सुटलेलं आहे.” भाजीत मीठ जास्त पडलं तरी, “प्रवाशांनी नोंद घ्यावी.” घरात प्रवासी एकच, गोदावरीकाकू.

मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. म्हणजे ज्या ठिकाणी काकांनी येऊच नये, नेमकी त्या ठिकाणी. ते रोज यायचे आणि पेपर उघडून पहिल्या पानापासून सुरू करायचे. स्पर्धा परीक्षेची पोरं कानात बोटं घालून बसायची. मी काकांना हळूच म्हणायची, “काका, जरा मनात.” ते ओशाळून मान हलवायचे, दोन ओळी ओठ मिटून काढायचे आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा स्थानक सुरू. शेवटी मी त्यांची खुर्ची मागच्या व्हरांड्यात टाकली. आठवड्याभरात चार-पाच पेन्शनर आपापल्या खुर्च्या घेऊन तिकडंच गेले. चष्म्याचा नंबर वाढलेली माणसं ती, त्यांना फुकट डोळे मिळाले.

पण काकांचं खरं वाचन घरी चालायचं. काकूंना काही वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदू झाला, कळेपर्यंत उशीर झाला आणि एकेका बाजूनं अंधारत जाऊन दोन्ही डोळे गेले. काकू सेलूच्या. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण वाचायचं वेड असं की किराण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग डाळ डब्यात. डोळे गेल्यावर काका त्यांना रोज सकाळी सबंध पेपर वाचून दाखवत. बातम्या, बाजारभाव, निविदा, हरवले-सापडले, सगळं. भिंतीपलीकडून आम्हालाही ऐकू यायचं. मधे मधे काकूंचा शेरा, “ह्ये मागच्या साली बी म्हणले होते,” आणि काका पुढं.

मग काकांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. आवाज घोगरा होत होत फाटलाच. नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणून सांगितलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, छोटं ऑपरेशन झालं. पण त्यानंतर डॉक्टरांनी तंबी दिली की आम्ही सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आहे तो आवाजही जाईल.

गल्लीत सगळे गमतीनं म्हणाले, आता नळ आलेला कसा कळणार? मलाही हसू आलं. पण दोन दिवसांनी काकू भिंत चाचपत आमच्या दारात आल्या.

“माय, घर लय मुकं झालंय गं,” त्या म्हणाल्या. “हे घरात हायेत का भाईर गेलेत, मला कळतच न्हाई. काल दुपारी बसून मी सगळं सांगितलं यांला, पोराचा फोन आला, तो काय म्हणला, पाव्हण्याचं काय झालं. बोलून झाल्यावर कवाड वाजलं आन हे भाईरून आले. तवर मी खुर्चीशीच बोलायले होते.”

सांगताना त्या हसल्या. मीही हसले.

त्यावर काकूंनी एक तोड काढली होती. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या किल्ल्या एका कडीत ओवून काकांच्या खिशात टाकल्या. काका चालले की खुळखुळ. पण माणूस एका जागी बसला की किल्ल्याही बसतात. आणि किल्ल्या काही पेपर वाचून दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्याकडं गेले. काका पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांचं बोलणं आता पाटीवर. पण घरात ज्यांच्याशी बोलायचं त्यांना पाटी दिसत नाही, आणि ज्यांना दिसते त्या बाहेरच्यांशी काकांचं काही काम नाही. त्यामुळं मी आत पाऊल टाकताच नवरा-बायकोचं दोन दिवसांचं तुंबलेलं भांडण माझ्या अंगावर आलं.

“विचार त्यांला, शेंगदाण्याची चटणी कुठं ठिवली?”

काकांनी लिहिलं. मी वाचलं, “संपली.”

“कोणी संपवली?”

काकांनी पाटी पुसली, विचार केला आणि लिहिलं, “प्रवाशांनी नोंद घ्यावी.”

“काय म्हणले?”

मी म्हटलं, “काकांनीच संपवली.”

टेबलावर मुलाचा जुना लॅपटॉप उघडा होता. मुलगा पुण्याला असतो. त्यानंच फोनवर आईला युक्ती सांगितली होती, ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून घ्या, मग कॉम्प्युटर पेपर वाचून दाखवील. काकूंनी निरोप काकांना दिला. काका लगेच बाजारात गेले. ते आता अभिमानानं बोट दाखवत होते तिकडं मी पाहिलं, तर लॅपटॉपला खेटून एक कोरं करकरीत इलेक्ट्रिकचं एक्स्टेन्शन बोर्ड ठेवलेलं. चार सॉकेट, लाल दिवा, लांब वायर. काकांनी पाटी पुढं केली. “आणलं. आता?”

मी सांगितलं की काका, हे ते नव्हे. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण पेपरची साइट उघडतो ते. त्याला आणखी एक काम शिकवायचं असलं तर छोटा प्रोग्रॅम जोडता येतो, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. दुकानातून आणायचं नाही, ते आतच मिळतं, फुकट. काकांनी बोर्डाकडं पाहिलं. मग लॅपटॉपची पिन काढून त्या बोर्डात खुपसली, बटण दाबलं, लाल दिवा लागला. आणलंय तर वाया का घालवा.

मी एक्स्टेन्शनच्या यादीत शोधून पान मोठ्यानं वाचून दाखवणारं एक निवडलं. ‘जोडा’ म्हटल्यावर नेहमीप्रमाणं चौकट आली. याला तुम्ही उघडलेल्या सगळ्या पानांवरचा मजकूर वाचता येईल, परवानगी आहे का? इथं लोक बिचकतात, म्हणून मी चौकट दोघांना नीट समजावून सांगितली.

“म्हंजी इजाजत मागायलंय,” काकू म्हणाल्या.

काकांनी लिहिलं, “सगळा मजकूर?”

“सगळा.”

त्यांचा चेहरा ऑपरेशननंतर पहिल्यांदा फुलला. पाटीवर मोठ्या अक्षरात आलं, “शाब्बास!”

वरच्या पट्टीत कोड्याच्या तुकड्यासारखं चित्र असतं, त्यावर दाबून मी नव्या एक्स्टेन्शनचं बटण कायमचं समोर लावलं, काकांना सापडावं म्हणून. पेपरची साइट उघडली, बटण दाबलं. आतून एक बाई बोलू लागली. हिंदीवाली होती. आमच्या बिचाऱ्या मराठी बातमीचं तिनं जे केलं ते ऐकण्यासारखं होतं. “सकाली च्योर ज्यालीतून पलाले.”

काका खुर्चीतून उठलेच. किल्ल्या खणखणल्या. बोलता येत नाही, म्हणून ते हवेत दोन्ही हातांनी ‘ळ’ काढून दाखवू लागले. लॅपटॉपला.

मराठी आवाज लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळा उतरवून घ्यावा लागला. नेट रखडत होतं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि काकू दर थोड्या वेळानं विचारत राहिल्या, “आली का बाई?”

“वाटेत हाय, काकू.”

काकांनी लिहिलं, “किती लेट?” त्यांचा जन्म त्यात गेलेला.

शेवटी मराठी बाई आली. ‘ळ’ बरोबर म्हणाली. चोर मात्र तिच्याही तोंडात अधूनमधून च्योरच राहिला, आणि काका पुन्हा हवेत हात करायला लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, “जाऊ द्या हो. परगावची दिसती. शिकंल हळूहळू.”

आता सगळी जुळणी करायची होती. वेग इतका होता की बातमी संपून जाहिरात कधी सुरू झाली कळेना. कमी केला तर बाई पेंगुळल्यागत बोलायला लागली. पुढं-मागं करत एका जागी आणली. काकांनी लिहिलं, “पुरुषाचा आवाज नाही?” होता. मी लावला. चांगला भारदस्त होता, पण काकूंनी एक वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

“नको माय. गडीमाणसाचा नको,” त्या म्हणाल्या. “मंग यांचा ध्यानात येतो.”

मी परत बाई लावली.

बाईला मी पान वरून खाली वाचायला सोडलं. ती म्हणाली, “मुख्यपान. आपला जिल्हा. क्रीडा. राशिभविष्य. केस गळतात? आजच मागवा. आणखी वाचा. आणखी वाचा. शेअर करा. आणखी वाचा.” काकू हसायला लागल्या, इतक्या की पदर तोंडाला लावला.

“ही तं यांच्या वरताण निघाली गं!”

मी म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन नुसती बातमीच वाचायला सांगता येतं, बाकीचं गाळता येतं. काकूंनी डोळे पुसले. “राहू दे. मला सवय हाय.”

मग मला आणखी एक सुचलं. ही बाई समोरचं कुठलंही लिखाण वाचते. म्हणजे काकांनी कोऱ्या पानावर काही टाइप केलं तर तेही वाचील. मराठी टायपिंगची सोय लॅपटॉपमध्ये मुलानं आधीच करून दिली होती. मी काकांना दाखवलं, इथं लिहायचं, निवडायचं, हे बटण दाबायचं. काकांनी चष्मा चढवला आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागले. मी चहा ठेवायला आत गेले, आधण आलं, साखर विरघळली, तरी त्यांचं बोट कीबोर्डवरच हिंडत होतं. मी कप घेऊन बाहेर आले आणि त्याच वेळी त्यांनी बटण दाबलं.

“गोदावरी, मी इथे आहे,” बाई म्हणाली.

काकू जिथं होत्या तिथं थांबल्या. हातातली मेथीची काडी तशीच हातात.

“काय म्हणली ती?”

काकांनी पुन्हा दाबलं. “गोदावरी, मी इथे आहे.”

“लग्न झाल्यापून यांनी माझं नाव घेतलं न्हाई बघ,” काकू मला म्हणाल्या. “ऐकलं का, अगं, शुक शुक, असंच. लग्नात बी उखाण्याला अडकले होते, यांच्या मामानं घेतला. आन आज घेतलं तं बाईच्या तोंडानं.”

काका कीबोर्डकडं बघत होते. कान लाल झाले होते.

त्यानंतर काकांना चटकच लागली. सकाळी पेपर आणि उरलेल्या दिवसात काकांच्या घोषणा. “प्रवाशांनी नोंद घ्यावी, दूध उतू गेलेलं आहे.” “प्रवाशांनी नोंद घ्यावी, मी भाजीला जात आहे.” ही भाजीची घोषणा लिहिण्यात कधी कधी भाजीबाजार उठून जायचा. समोरच्या शांताबाईंनी मला एक दिवस गाठून हलक्या आवाजात विचारलं, “काकांकडं कोण बाई ऱ्हायला आलीय माय? दिवसभर बोलायली आसती. आन काकू काहीच म्हणंनात?” मी त्यांना घरी नेऊन एक्स्टेन्शन दाखवलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि जाताना लाल दिव्याच्या बोर्डाला हात जोडून गेल्या.

यथावकाश काका नांदेडला जाऊन आले. जखम भरली होती. डॉक्टरांनी बोलायला मोकळीक दिली, पण बेतानं. ओरडायचं नाही, ताणायचं नाही, दिवसाकाठी थोडं. जुना आवाज पुन्हा येणार नाही, हेही सांगितलं. काका आमच्या दारात आले आणि म्हणाले, “आलोव बाई जाऊन.” मी बघतच राहिले. रसवंतीपर्यंत जाणारा तो आवाज आता उंबऱ्यापर्यंत जेमतेम पोचत होता. पातळ, जुन्या धोतरासारखा.

मला वाटलं होतं, आता ते पेपर स्वतः वाचतील. निदान पहिलं पान तरी. तसं झालं नाही. सकाळी भिंतीपलीकडून बाईचाच आवाज यायचा. वाचनालयात काका परत येऊ लागले, व्हरांड्यातल्या पेन्शनरांनी त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती. काकांनी पेपर उघडला, नुसते ओठ हलवले आणि घडी घालून ठेवला. म्हातारे खट्टू झाले. एकजण म्हणाला, “नियंत्रक, निदान बाजारभाव तरी?” काकांनी गळ्याकडं बोट दाखवलं आणि हात जोडले. मलाही जरा वाईट वाटलं. मी आणून बसवलेल्या बाईनं काकांचं वाचन कायमचंच घेतलं की काय, असं मनात आलं.

परवा सकाळी काकूंनी भिंतीपलीकडून हाक दिली, “बाई बोलंना गेलीय गं, बघतीस का येऊन?” ब्राउझर नवा झाला की कधी कधी एक्स्टेन्शन आपोआप बंद पडतं, ते पुन्हा चालू करावं लागतं. मी म्हटलं, संध्याकाळी वाचनालयातून येताना बघते.

संध्याकाळी मी आले तेव्हा दोघं बाहेर ओट्यावर बसली होती. माझ्याकडं काकांची पाठ होती. मी हाक मारणार तोच लक्षात आलं की काका बोलतायत. त्या पातळ आवाजात, मधे मधे दम घेत. मी ओट्यालगतच्या लिंबाखाली थांबले.

“शांताबाईची हिरवी साडी वाळत पडलीय. काठ पिवळा हाय. पदर खाली लोळायलाय.”

“हां,” काकू म्हणाल्या.

“एक शेळी आलीय. पाटलाची नसावी. पाटलाची काळी हाय, ही कबरी हाय. पदराकडं बघायलीय.”

“मंग हाकला की!”

“हाकलू कसा? ओरडायचं न्हाई म्हणलेत डॉक्टर.” थोडं थांबून ते म्हणाले, “खायलीय.”

काकू हसल्या. “खाऊ द्या. आन वर?”

“वर आभाळ तांबडं झालंय. लय न्हाई, कडंकडंनं. दोन बगळे गेले. वायरीवर साळुंक्या बसल्यात, एक अंग फुगवून बसलीय.”

“रोज बसतीय ती. परवा बी सांगितलं होतं तुमी.”

म्हणजे हे रोज चाललेलं होतं. दिवसाकाठी जेवढा आवाज वापरायची मुभा होती, तेवढा सगळा काका इथं संध्याकाळी खर्च करत होते. पेपर वाचायला घरात बाई होती. शेळी, साळुंकी आणि आभाळ तिला दिसत नव्हतं.

मग काकूंनी विचारलं, “आन मी कशी दिसायले?”

काका वळून त्यांच्याकडं बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आता काहीतरी चेष्टेचं बोलतील.

“केस पांढरे झालेत तुजे,” ते म्हणाले. “सगळेच. चांगले दिसायलेत.”

“कवापून?”

“कोण जाणे. मी बी आत्ताच बघायलोय.”

काकूंनी हात वर नेला. कानामागची एक बट बोटांत धरली आणि तिच्यात काही लागतं का, तसं हळूहळू चाचपत राहिल्या. काका त्यांच्याकडं बघत होते. मी पाऊल न वाजवता मागं फिरले. एक्स्टेन्शन चालू करायला असा किती वेळ लागतो, सकाळीही करता आलं असतं.